स्पोर्ट्स कारचा चेक इंजिनचा दिवा घालवला की पुन्हा येतो

मांडवीकाठ | १३ जुलै, रात्री १०.४०

मंडळी, तीन महिने गप्प बसलो, आता राहवत नाही म्हणून धागा काढतोय.

गाडी दोन दारांची, दोन सीटची, कापडी छपराची. जर्मन बनावट, २ लिटर टर्बो पेट्रोल, २०१३ सालची, ५१ हजार किमी झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ती घ्यायलाच नको होती'कडे जाईल. पुण्याहून सेकंडहँड घेतली. गोव्यात अशी गाडी ठेवणं म्हणजे चार महिने छप्पर मिटून पाऊस बघत बसणं, ते ठाऊक असूनही घेतली. त्यावरचे टोमणे घरी मिळतात, इथे नकोत.

चेक इंजिनचा पिवळा दिवा एप्रिलपासून येतोय. अधिकृत सर्व्हिस सेंटरने कोड (गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पाहिला आणि पुसला. बारा दिवसांनी पुन्हा आला. मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, १८ हजार रुपये. नऊ दिवसांनी पुन्हा. मग इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर, २२ हजार. दोन आठवडे शांतता, आणि काल अटल सेतू ओलांडल्यावर पुन्हा दिवा. आता ते म्हणतात, 'इंजिनचा कंप्युटर बदलून बघू.' 'बघू' म्हणजे माझ्या पैशांनी बघू!

गाडी चालते मात्र मस्त. ओढ कमी नाही, आवाज नाही. मग दिवा का?

---

फोंडेकर | १३ जुलै, रात्री ११.०५

काळ्या इन्शुलेशन टेपचा इंचभर तुकडा दिव्यावर. खर्च १० रुपये. कामाचं सांगणारे लोक सकाळी येतीलच.

---

चोर्लावारी | १३ जुलै, रात्री ११.३०

माझ्या ओळखीच्या एकाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकला आणि मागचा सेन्सर कंप्युटरमधून बंद करून घेतला. दिवा गेला आणि आवाजही भारी.

---

गॅरेजकाका | १४ जुलै, सकाळी ७.१०

चोर्लावारी, तो सल्ला मागे घ्या. एक तर ते बेकायदा. दुसरं म्हणजे धागाकर्त्याने कोड काय आला ते अजून सांगितलेलंच नाही. पोट दुखतंय की डोकं ते न विचारता ऑपरेशन कसलं सुचवता?

मांडवीकाठ, मी ३४ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची पंधरा या दिव्यासमोर. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. 'मिश्रण पातळ' असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा हा आपल्या धंद्यातला जुना रोग आहे. सेन्सर बिचारा खरं सांगत असतो आणि आपण साक्षीदारालाच फाशी देतो.

हे सांगा:
कोड नेमका कोणता? प्रत्येक वेळी तोच होता का?
दिवा स्थिर असतो की लुकलुकतो?

दुसऱ्याचं उत्तर 'लुकलुकतो' असेल तर आज गाडी काढू नका. लुकलुकणं म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. स्थिर असेल तर घाई नाही, डोकं शांत ठेवून शोधता येतं.

---

मांडवीकाठ | १४ जुलै, सकाळी ९.२५

काका, स्थिर आहे, कधीच लुकलुकला नाही.

कोडची गंमत आहे. जूनमध्ये मी स्वतः ब्लूटूथवाला स्कॅनर घेतला, हजार-बाराशेचा, ईएलएम ३२७ वाला. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खोचायचा आणि फोनवर वाचायचं. त्यात कधी पी०१७१ येतो, कधी पी०१७२. सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर म्हणाले, 'चायनीज स्कॅनर आहे, काहीही दाखवतो.'

---

गॅरेजकाका | १४ जुलै, सकाळी ९.४०

स्कॅनर कुठलाही असो, कोड गाडीच्या कंप्युटरमधूनच येतो. स्कॅनर स्वतःच्या मनाने कोड बनवत नाही.

पण हे विचित्र आहे. १७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त, पेट्रोल कमी. १७२ म्हणजे नेमकं उलट. एकाच गाडीला एकाच महिन्यात उपासमारही आणि अजीर्णही! सर्व्हिस सेंटरवाले कंप्युटरपर्यंत का पोचले ते आता कळलं. चुकले, पण का चुकले ते कळलं.

---

रसायन | १४ जुलै, दुपारी १.१५

माझ्या मते हे ई२० चं काम आहे. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की त्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं, ढोबळमानाने सहा ते आठ टक्के. २०१३ ची गाडी ई२० साठी बनलेलीच नाही, म्हणून कंप्युटरला मिश्रण पातळ वाटतं. सगळीकडे हेच चाललंय.

---

सुलक्षणा_म्हापसा | १४ जुलै, दुपारी २.००

रसायन, आकडे बरोबर, पण निष्कर्ष अर्धाच लागू पडतो. ई२० मुळे पातळ दिसेल, १७१ ला हातभार लागेल, पण १७२ कसा येईल? इथेनॉल एकाच दिशेला ढकलतं. शिवाय पेट्रोल सहा-सात टक्के वाढवायची किंवा घटवायची दुरुस्ती कंप्युटर रोज निमूट करतो. दिवा लागायला ती साधारण वीस-पंचवीस टक्क्यांवर जावी लागते.

(माझी स्पोर्ट्स कार नाही, साधी हॅचबॅक आहे. पण कारखान्यात दिवसभर सेन्सरच बघते.)

मांडवीकाठ, तुमच्या स्कॅनरच्या अ‍ॅपमध्ये 'फ्रीझ फ्रेम' असं काही दिसतं का? दिवा लागला त्या क्षणाचे आकडे गाडी स्वतः जपून ठेवते: इंजिनचे फेरे, तापमान, वेग, इंधनाची दुरुस्ती. कोड पुसला की तेही जातात. म्हणून दिवा लागल्याबरोबर पुसायचा म्हणजे चोरीच्या जागी पोलीस यायच्या आधी फरशी पुसून घेण्यासारखं.

आणि तारखा द्या. दिवा कधी कधी लागला, कोणत्या कोडने, आणि त्याच्या आधीच्या दोन दिवसांत काय काय झालं: पाऊस, घाट, सर्व्हिस, पेट्रोल, काहीही.

---

मांडवीकाठ | १४ जुलै, संध्याकाळी ६.५०

तारखा कुठे लिहिल्यात हो. जास्तीत जास्त इतकं सांगेन की पाऊस असतो तेव्हा येतो. पण गोव्यात जून-जुलैमध्ये पाऊस नसतो कधी?

---

खारेवारे | १४ जुलै, रात्री ८.१५

मी दोना पावलाला राहतो, माझं ऐका. खारी हवा. कनेक्टर उघडून बघा, पिनांवर हिरवट थर असणार. माझ्या गाडीत दोन वर्षांत हेडलाइटचा कनेक्टर खाल्ला. उंदरांचंही बघा. पावसात शेतं भरली की उंदीर गरम बॉनेटखाली घर करतात आणि वायरींचा फराळ करतात.

---

पात्रांव७७ | १४ जुलै, रात्री ८.४०

आरे बाबा, म्हज्या गाडयेंत मुंगूस आशिल्लें! मराठीत लिहितो: बॉनेट उघडलं तर आतून माझ्याकडेच बघत होतं. दिवा मात्र लागला नव्हता.

अवांतर: माडाखाली कापडी छपराची गाडी ठेवू नका. का ते विचारू नका.

---

मांडवीकाठ | १५ जुलै, रात्री ११.५०

सुलक्षणाताई, तुमच्या पोस्टवर दिवसभर विचार करत होतो. मग लक्षात आलं, तारखा आहेत की! दिवा लागला की मी दर वेळी डॅशबोर्डचा फोटो काढून मेव्हण्याला पाठवतो, आणि स्कॅनर घेतल्यापासून कोडचा स्क्रीनशॉटही. ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पडून आहे. पेट्रोलचे पैसे मी फोनवरूनच देतो, तेही इतिहासात आहे. दोन्ही शेजारी ठेवून लिहिलं:

७ जून, टाकी फुल्ल. ९ जून, दिवा, पी०१७२.
२३ जून, दिवा, पी०१७१. त्या दिवशी टाकी जवळजवळ रिझर्व्हला होती, फोटोत काटा दिसतोय.
२६ जून, टाकी फुल्ल. २८ जून, दिवा, पी०१७२.
१२ जुलै, कालपरवाचा, पी०१७१. काटा पुन्हा खाली.

हे लिहून झाल्यावर मी दहा मिनिटं कागदाकडे बघत बसलो. टाकी भरली की अजीर्ण, रिकामी झाली की उपास!

परवाचा कोड अजून पुसलेला नाही, म्हणून फ्रीझ फ्रेमही मिळाली: फेरे ८२०, वेग शून्य, पाणी ९२ अंश, दीर्घकालीन दुरुस्ती अधिक २४ टक्के. पूल ओलांडून पर्वरीच्या सिग्नलला थांबलो होतो तेव्हाची असावी.

---

गॅरेजकाका | १६ जुलै, सकाळी ६.३०

शाब्बास. ५८ हजारांच्या कंप्युटरऐवजी फुकटच्या व्हॉट्सअ‍ॅपने काम केलं. (कंप्युटरचा आकडा माझा अंदाज, कमीच असेल.)

आता एकच विचारतो. पंपावर पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच स्टार्ट होते का?

---

मांडवीकाठ | १६ जुलै, सकाळी ८.१०

काका, तुम्ही पंपावर उभे होतात का? नाही होत! चार-पाच सेकंद स्टार्टर फिरतो, मग खोकून चालू होते. पंपावरची पोरं हसतात. मी समजत होतो बॅटरी उतरलीय.

---

गॅरेजकाका | १६ जुलै, सकाळी ८.५५

मग पर्ज व्हॉल्व्ह. जवळजवळ खात्री, पण तपासल्याशिवाय बदलायचा नाही.

सगळ्यांसाठी समजावून सांगतो, कारण हा व्हॉल्व्ह फार कमी लोकांना ठाऊक असतो. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत सोडायची परवानगी नाही. म्हणून ती कोळशाच्या एका डब्यात जाते, त्याला चारकोल कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ शोषून धरतो. गाडी चालू असताना इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधल्या) ओढीने ती वाफ इंजिनात ओढून जाळतात. मधला दरवाजा म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह. कंप्युटर सांगेल तेव्हाच उघडायचा, एरवी बंद.

तो दरवाजा अर्धवट उघडा अडकला तर? टाकी भरली की डबा वाफेने तुडुंब. इंजिन ती हिशोबाबाहेरची वाफ ओढतं, मिश्रण दाट, १७२. भरल्याबरोबर स्टार्ट होत नाही तेही त्यामुळेच, इंजिन वाफेने गुदमरतं. पुढे दहा-बारा दिवसांत डबा कोरडा होतो. मग त्याच अडकलेल्या दरवाज्यातून नुसती हवा येते, एअरफ्लो सेन्सरला चुकवून. मिश्रण पातळ, १७१. सिग्नलला थांबल्यावर जास्त, कारण तेव्हा इंजिन स्वतः हवा कमी घेतं, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा मोठा होतो. वेगात तीच हवा समुद्रात खसखस.

आणि दिवा लगेच न लागता एक-दोन दिवसांनी का? कंप्युटर एका फेरीवर (गाडी चालू केल्यापासून बंद करेपर्यंत) विश्वास ठेवत नाही. पहिल्या फेरीत चूक दिसली तर मनात ठेवतो, पुढच्या फेरीत पुन्हा दिसली की दिवा लावतो. नंतर लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या तर स्वतःच विझवतो.

---

चोर्लावारी | १६ जुलै, सकाळी १०.२०

काका, दंडवत. पण मग टाकीच्या वाफेचा वेगळा कोड का नाही आला? अमेरिकन साइटवर वाचलं की दिवा लागला तर आधी पेट्रोलचं झाकण घट्ट करा.

---

सुलक्षणा_म्हापसा | १६ जुलै, सकाळी १०.४५

ते त्यांच्याकडे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना टाकीची यंत्रणा कुठे गळते का ते स्वतः तपासावं लागतं, म्हणून झाकण सैल राहिलं तरी दिवा लागतो. आपल्याकडच्या या पिढीच्या युरोपीय गाड्यांमध्ये गळतीची ती चाचणी सहसा नसतेच. तिकडचा सल्ला इकडे लावताना हा फरक बघायला हवा. म्हणूनच ही गाडी आडून बोलत होती: गळतीचा कोड तिच्याजवळ नाही, मग पातळ-दाट म्हणून रडायचं.

---

गॅरेजकाका | १६ जुलै, सकाळी ११.१५

बरोबर. आता चाचणी, पाना-पक्कड लागत नाही. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, म्हणजे गाडी उभी, इंजिन चालू. पर्ज व्हॉल्व्ह शोधा, मुठीएवढा प्लास्टिकचा, एक नळी मॅनिफोल्डकडे, एक कॅनिस्टरकडे जाणारी. त्याचा विजेचा प्लग काढा, म्हणजे तो बंदच राहायला हवा. मग कॅनिस्टरकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली नाही तर व्हॉल्व्ह ठीक, मी खोटा. बोट चिकटलं तर चोर सापडला.

पंख्यापासून हात लांब. जवळ सिगरेट नको.

---

मांडवीकाठ | १९ जुलै, दुपारी १२.३०

बोट चिकटलं!!!

लहान व्हॅक्यूम क्लीनरसारखी ओढ होती. बोटाने तोंड बंद केल्याबरोबर फोनवर तात्पुरती दुरुस्ती अधिक वीसवरून अधिक चारवर आली, डोळ्यांदेखत. राहिलेले चार रसायन यांच्या ई२० ला देऊन टाकू.

प्लग काढल्यामुळे आता पी०४४४ असा नवा कोड आला, व्हॉल्व्हचं सर्किट तुटलंय म्हणून. तपासायला गेलो तर त्याचाही दिवा. बायको म्हणाली, 'आता याचा पण फोटो पाठव भावाला.'

---

रसायन | १९ जुलै, दुपारी १.००

चार टक्के सप्रेम स्वीकारले.

---

मांडवीकाठ | २६ जुलै, संध्याकाळी ७.३०

नवा व्हॉल्व्ह मुंबईहून मागवला, ५४०० रुपये. दोन क्लिपा आणि एक प्लग, पंधरा मिनिटांचं काम. जुना झटकला तर काळी भुकटी पडली, कोळशाचे कण. टाकी फुल्ल केली, पंपावर पहिल्या झटक्यात स्टार्ट. पोरांचा हिरमोड झाला.

आधीचे चाळीस हजार कुणाकडे मागू?

---

गॅरेजकाका | २६ जुलै, रात्री ८.००

मागून मिळणार नाहीत. पण काळी भुकटी म्हटल्यावर मला आनंद होत नाहीये. ती कॅनिस्टरमधून आली. आतला कोळसा फुटतोय, नवा व्हॉल्व्हही तसाच अडकेल.

पंपावर नोझल 'टक' करून आपोआप बंद झाल्यावर पुढे किती भरता?

---

मांडवीकाठ | २६ जुलै, रात्री ८.२०

राउंड फिगरपर्यंत. कधी त्याच्याही पुढे, गाडी हलवून हलवून. वडिलांची सवय. आम्ही मूळचे सावंतवाडीचे. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरलं, तेव्हा बाबा पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात येत आणि टाकी गळ्यापर्यंत भरून नेत. तेच हाडात मुरलं.

---

गॅरेजकाका | २६ जुलै, रात्री ८.३५

मग तेच कारण. टाकीत वर जागा सोडलेली असते ती वाफेसाठी. 'टक' नंतर भरत राहिलं की वाफेऐवजी द्रव पेट्रोलच वाफेच्या नळीतून थेट कोळशात जातं. कोळसा वाफेसाठी असतो, अंघोळीसाठी नव्हे. भिजून फुटतो आणि त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

कॅनिस्टरही बदला.

---

मांडवीकाठ | २६ जुलै, रात्री ८.५०

काका, त्याचा भाव ३१ हजार सांगतात. आधी नुसत्या व्हॉल्व्हवर चालवून बघतो.

---

खारेवारे | ८ ऑगस्ट, सकाळी ९.००

धागा पळवतोय, माफ करा. आज सकाळी धो धो पावसात माझा दिवा चक्क लुकलुकला. काकांचं वाचलेलं आठवलं, मिरामारला बाजूला घेऊन बंद केली आणि टो केली. दुसऱ्या सिलिंडरचा ठिणगी देणारा कॉइल, पी०३०२. स्पार्क प्लगच्या विहिरीत पाणी साचलेलं. कॉइल आणि रबरी बूट बदलून भागलं, कन्व्हर्टर वाचला. उंदीर निर्दोष.

---

मांडवीकाठ | ४ सप्टेंबर, रात्री १०.१०

काका, तुम्ही बरोबर होतात. चवथीला गावी जाताना बांद्याला टाकी भरली (फक्त 'टक'पर्यंत, शपथ), तिसऱ्या दिवशी पी०१७२. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकला तर आरपार फुंक गेली. आत पुन्हा कण. भंगारात गेलेल्या तशाच एका गाडीचा कॅनिस्टर ९ हजारांत मिळतोय, घेऊ का?

---

गॅरेजकाका | ४ सप्टेंबर, रात्री १०.३०

हलवून बघा. आत खुळखुळ वाजली तर घेऊ नका, आवाज नसेल तर घ्या. आणि बसवायच्या आधी मधली नळी हवेने फुंकून साफ करा, नाहीतर जुने कण तिसऱ्यांदा तुमचीच वाट बघत बसतील.

---

मांडवीकाठ | १९ ऑक्टोबर, रात्री ९.००

खुळखुळ नव्हती, घेतला. नळी फुंकली तर चमचाभर काळं निघालं.

त्यानंतर १४०० किमी, पाच वेळा टाकी भरली, एकदा चोर्ला घाटाने बेळगाव. कोड एकदाही नाही, मनात ठेवलेलासुद्धा नाही. दीर्घकालीन दुरुस्ती अधिक पाचच्या आसपास. छप्पर कालपासून उघडं.

स्कॅनरचं आता काम नाही. पर्वरीला माझ्याकडे आहे, कुणाला आठवडाभर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एकच अट, कोड पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढायचा.

---

फोंडेकर | १९ ऑक्टोबर, रात्री ९.२०

मला द्या. टेपखाली दिवा लागलाय की नाही ते कळत नाहीये.